एकट्या कॉकटील मादीचे अंडी घालणे थांबत नाही : मदत हवी आहे

आमच्याकडे कॉकटीलची (तुरा असलेल्या लहान पोपटाची) एकच मादी आहे. घरात नर कधीच नव्हता, तरीही पावसाळ्यापासून तिचे अंडी घालणे सुरू आहे. कोंबडीप्रमाणे कॉकटीलही नराविना अंडी घालते, एका खेपेत साधारण ४ ते ६ आणि बहुधा एक दिवसाआड एक, हे ठाऊक होते. पण एक खेप आटोपून ती जरा सावरते न सावरते तोच दुसरी सुरू होते. शेवटच्या अंड्याचे कवच इतके पातळ होते की उचलतानाच ते बोटाखाली दबले. कवचासाठी लागणारे कॅल्शियम शरीर हाडांतून ओढून घेते आणि ते कमी पडले की अंडे आत अडकून जीवावर बेतू शकते, त्यामुळे पिसे फुगवून ती पिंजऱ्याच्या तळाशी बसली की आमचा धीर सुटतो. डॉक्टरांनी एक्स-रे काढून सध्या अंडे अडकलेले नसल्याचे सांगितले आहे आणि कॅल्शियमचे औषध सुरू केले आहे.

तिला विणीची चालना मिळू नये म्हणून आरसा काढला आहे, सोफ्याखालची तिची आवडती फट पुठ्ठ्याने बुजवली आहे, सूर्यफुलाच्या बिया जवळजवळ बंद करून राळे आणि शेवग्याचा पाला देतो. पाठीवरून हात फिरवला की ती शेपटी उचलून बारीक आवाज काढू लागते, म्हणून आता फक्त डोके आणि मान खाजवतो. कॅल्शियमसाठी पिंजऱ्यात समुद्रफेस आहेच. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा ड-३ जीवनसत्त्वासाठी उपयोग होत नाही, म्हणून सकाळी पिंजरा ग्रिलमध्ये, अर्धा सावलीत, ठेवतो आणि शेजारी कोणीतरी बसते, कारण आमच्या इमारतीतले कावळे फार धीट आहेत.

खरी अडचण अंधाराची आहे. दिवस मोठा वाटला की पक्ष्याचे शरीर विणीच्या तयारीला लागते, म्हणून रोज १२ ते १४ तास अंधार द्यावा असे सांगतात. आमचे घर वन बीएचके, दिवाणखान्यातला टीव्ही रात्री अकरापर्यंत चालतो, आणि सासऱ्यांना त्याबद्दल काही म्हणणे शक्य नाही. शयनगृहात जाड कापडाने पिंजरा पूर्ण झाकला, तर ती मध्यरात्री दचकून पंख आपटते. मिणमिणता दिवा ठेवला तर ती शांत राहते. पण तेवढ्या उजेडाने अंधाराचा उपयोग वाया जातो का, हे अनुभवी लोकांनी कृपया सांगावे.

दुसरा प्रश्न अंड्यांचा. लगेच उचलली तर ती भरपाईसाठी आणखी घालते, म्हणून सुमारे तीन आठवडे, किंवा तिचे लक्ष उडेपर्यंत, ती तशीच ठेवावीत, असे वाचले आहे. पण अंड्यांवर बसली की ती खाण्यासाठीसुद्धा फारशी उठत नाही. अशा वेळी वाटी जवळ सरकवावी, की त्याने ती आणखी बसून राहील?

हे सारे करूनही पुढची खेप आलीच, तर डॉक्टर ल्युप्रोलाइडचे (अंडी घालायला लावणारी संप्रेरके दाबणाऱ्या औषधाचे) इंजेक्शन सुचवत आहेत. त्याचा परिणाम काही आठवडेच टिकतो, असे त्यांनी सांगितले. ज्यांनी आपल्या पक्ष्याला ते दिले आहे, त्यांना ते किती वेळा द्यावे लागले आणि नंतर खेपांमधले अंतर खरोखर वाढले का?

जोडीला नर आणावा, हा सल्ला मात्र कृपया देऊ नये. त्याने अंडी कमी होणार नाहीत. ठाणे किंवा मुंबईत पक्ष्यांवर नियमित उपचार करणारे दुसरे डॉक्टर माहीत असल्यास तेही कळवावे, म्हणजे इंजेक्शनआधी आणखी एक मत घेता येईल.