वूफर बदलायच्या आधी क्रॉसओव्हर बघा
जुन्या स्पीकरचा आवाज दबलाय म्हणून थेट वूफरच, म्हणजे जाड आवाजाचा मोठा स्पीकर, बदलायला निघालायसा, जरा थांबा की. आधी वूफरचे स्क्रू काढून आतला क्रॉसओव्हर, म्हणजे जाड आणि बारीक आवाज वेगवेगळ्या स्पीकरला वाटून देणारं सर्किट, बघा, त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वीस-तीस वर्षांत वाळतात आणि ट्विटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, मंद होतो. टिळकवाडीतल्या घरी माझे स्पीकर अडगळीत पडलेले, त्यातले ४.७ मायक्रोफॅरॅडचे जुने कपॅसिटर काढून तेवढ्याच व्हॅल्यूचे पॉलीप्रॉपिलीन फिल्मचे घातले, तबल्याच्या चाटीवरचा टणत्कार परत आला बघा! फिल्म कपॅसिटरचा स्वतःचा रोध कमी असतोय, त्यामुळं कधीकधी ट्विटर बोचायला लागतो, मग अर्ध्या ओहमचा रेझिस्टर सिरीजला टाकायचा. आणि आपल्या बेळगावच्या पावसात, त्या ओलीनं, वूफरच्या कडेचा फोम चिकट होऊन तुटतो, बोटानं हळूच दाबून बघा, नुसती कडा बदलता येते, अख्खा वूफर कशाला टाकताय.