मदत हवी आहे : गुडघा बदललेल्या रुग्णांचे घरून येणारे कोन क्लिनिकशी जुळत नाहीत

नडगी_मांडी

तालुक्याच्या गावी फिजिओथेरपी क्लिनिक आहे. कृत्रिम गुडघा बसवलेल्या रुग्णांवर ते घरी गेल्यानंतर दुरून लक्ष ठेवायची पद्धत सुरू करतो आहोत. बरेच जण ३०–४० किलोमीटरवरून येतात, त्यांना आठवड्याला दोन फेऱ्या जमत नाहीत.

सध्या रुग्णाच्या घरातल्याच ॲन्ड्रॉइड फोनवर कोन मोजणारं ॲप टाकून देतो. रुग्ण बसून गुडघा वाकवतो आणि घरचं माणूस नडगीवर फोन टेकवून आकडा कळवतं. पावलांसाठी मनगटावर साधा बँड. मांडी आणि नडगीला बांधायच्या दोन सेन्सरचा एक संच चाचणीला आणला आहे. अडचणी अशा :

१. घरून १०४ अंश येतात, दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये गोनिओमीटरवर (सांध्याचा कोन मोजायच्या दोन हातांच्या पट्टीवर) ९२ भरतात. दर वेळी घरचाच आकडा जास्त.
२. वॉकरवर घरभर फिरणाऱ्या रुग्णाची दिवसाची पावलं ३०–४० दिसतात.
३. तिसऱ्या आठवड्यानंतर निरोप यायचे बंद होतात.
४. सेन्सरच्या ॲपमध्ये ‘३० पैकी १६ दिवस’ असा मोजपट्टा आहे. तेवढे दिवस नोंद झाली नाही तर उपचार अपुरे मानायचे का?

ज्यांनी हे नीट बसवलं आहे त्यांनी कृपया सांगावं.

---

कोनमापी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा रुग्ण कशावर बसतो यात आहे. नडगीवरचा फोन गुडघ्याचा कोन मोजतच नाही. तो नडगीचा जमिनीशी असलेला कल मोजतो, आणि मांडी आडवी सपाट आहे असं आपण गृहीत धरतो. उंच कॉटच्या काठावर पाय सोडून बसलं की गादी दबते, मांडी गुडघ्याकडे उतरती होते. ती १२ अंश उतरती असेल तर नडगी सरळ खाली लोंबत असताना फोन ९० दाखवेल, पण गुडघा वाकलेला असेल ७८. तुमच्या १०४ आणि ९२ मधला फरक नेमका तेवढाच आहे.

दुसरं कारण म्हणजे जोर लावून पाय मागे ओढताना रुग्ण त्या बाजूचा नितंब उचलतो. मांडी आणखी उतरते, आकडा वाढतो, आणि घरच्यांना प्रगती झाल्यासारखी वाटते. बुटक्या खुर्चीवर याच्या उलट होतं : गुडघा कंबरेपेक्षा वर राहतो आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो.

म्हणून बसून मोजणं बंद करा. उताणं झोपवा, टाच गादीवरून घसरवत नितंबाकडे आणायला सांगा आणि शेवटच्या स्थितीत दोन कल घ्या : मांडीचा आडव्या रेषेशी आणि नडगीचा आडव्या रेषेशी. दोन्हींची बेरीज म्हणजे गुडघा किती वाकला ते. मांडी ५२, नडगी ४०, तर ९२. कॉट उंच असो, खाली चटई असो, बेरीज बदलत नाही.

फोन टेकवताना काय चुकतं :

कव्हर काढा. कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे फोनची पाठ सपाट बसत नाही, म्हणून लांब कड टेकवा. आधी तीच कड सपाट फरशीवर ठेवून ० येतो का पाहा. मांडीवर वरच्या बाजूने टेकवू नका, मांडी गुडघ्याकडे निमुळती असल्याने तिथेच काही अंश जातात. बाहेरच्या बाजूने, खुब्याचं हाड ते गुडघ्याच्या बाहेरचा उंचवटा या रेषेला समांतर धरा. नडगीवर ड्रेसिंगच्या खाली किमान चार बोटं सोडून पुढच्या हाडावर टेकवा, टाक्यांवर कधीही नाही. दोन्ही जागांवर क्लिनिकमध्येच पेनाने खूण करून द्या आणि पुसली की पुन्हा करायला सांगा.

प्रत्येक वेळी तीन मोजमापं घेऊन मधला आकडा कळवायचा. घरी पाठवण्याआधी तुमच्यासमोर घरच्या माणसाकडून मोजून घ्या आणि गोनिओमीटरशी ताडून पाहा. ५ अंशांपेक्षा जास्त तफावत असेल तर पुन्हा शिकवा. पुढेही ५ अंशांच्या आतला चढउतार ही मोजमापातली चूक समजायची, सुधारणा किंवा घसरण नाही.

---

नडगी_मांडी

कोनमापी, धन्यवाद. कॉट उंच आहे आणि पाय लोंबतेच असतात, तेव्हा कारण पटलं. बेरजेची पद्धत सेन्सरच्या संचालाही लागते का? त्यात मांडी आणि नडगी दोन्हीकडे सेन्सर असूनही आकडा कमी येतो आहे, साधारण ८ अंशांनी.

---

पट्टा_सैल

दोन सेन्सर असले की ॲप स्वतःच फरक काढतं, बेरीज करावी लागत नाही. कमी येण्यामागे शून्य कुठे धरला ते बघा. बहुतेक ॲप ‘सरळ उभे राहा’ म्हणतात आणि त्या क्षणाला ० मानतात. शस्त्रक्रियेनंतर गुडघा ८ अंश वाकलेलाच राहत असेल तर ते ८ अंश शून्यात गडप होतात. परिणाम दुहेरी : वाकणं ८ ने कमी दिसतं आणि, जे जास्त घातक आहे, गुडघा पूर्ण सरळ होत नाही ही गोष्ट पडद्यावर दिसतच नाही. ॲपमध्ये सुरुवातीचा कोन भरायची सोय असेल तर गोनिओमीटरने मोजून भरा. नसेल तर रुग्णाच्या कार्डावर ‘+८’ लिहून ठेवा आणि सरळ होण्याचा कोन क्लिनिकमध्येच मोजा.

बाकी दोष असे. मांडीचा पट्टा चालताना खाली सरकतो, आतून सिलिकॉनची पट्टी असलेला घ्या. तो मांडीच्या मध्यावर बांधून सेन्सर बाहेरच्या बाजूला येऊ द्या. पुढे ठेवला तर मांडीचा स्नायू आवळताच सेन्सर कलतो आणि गुडघा हललेला नसताना कोन बदलतो. नडगीचा सेन्सर पोटरीच्या फुगवट्याच्या खाली, आतल्या सपाट हाडावर. दोन्हींवर मार्करने ‘मांडी’ आणि ‘नडगी’ लिहा, वर जाणारी बाजू बाणाने दाखवा. अदलाबदल झाली की दिवसभराची नोंद वाया जाते.

कुशीवर झोपून करायच्या व्यायामात हे सेन्सर (आणि फोनही) वापरू नका. कल समजतो तो गुरुत्वाकर्षणाच्या आधाराने. कुशीवर गुडघा आडव्या प्रतलात वाकतो, तिथे तो आधार मिळत नाही आणि आकडा हळूहळू भरकटतो. चुंबकीय सेन्सर असला तरी लोखंडी कॉट त्याला फसवतो.

जोडणी तुटत असेल तर फोनची बॅटरी बचत त्या ॲपपुरती बंद करा. ॲन्ड्रॉइड ११ किंवा त्याआधीच्या फोनवर लोकेशन चालू नसेल तर ब्लूटूथचा सेन्सर सापडत नाही. नेहमी येणाऱ्या ‘सेन्सर बिघडला’ या तक्रारीचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. आणि संच घेण्याआधी विक्रेत्याला विचारा की रेंज नसताना नोंद फोनवर साठते का. साठत नसेल तर तुमच्या भागात तो उपयोगाचा नाही.

---

वॉकर_ते_काठी

पावलांबद्दल. मनगटावरचा बँड हाताच्या झोक्यावरून पाऊल ओळखतो. वॉकर धरलेला हात झोका घेत नाही, म्हणून ३०–४०. बँड चांगल्या पायाच्या घोट्यावर बांधा. शस्त्रक्रियेच्या पायाला नको, तिथे संध्याकाळी सूज वाढते आणि पट्टा रुततो. बांधल्यावर ५० पावलं मोजून चालवा. बँडचा आकडा ४५ ते ५५ मध्ये आला नाही तर तो त्या रुग्णासाठी वापरू नका, ‘दिवसातून किती वेळा, किती मिनिटं चाललात’ एवढंच विचारा. घोट्यावर काही बँड एका पायाचीच पावलं मोजतात, तेव्हा आकडा निम्मा येतो. ते या चाचणीत लगेच कळतं.

१६ दिवसांचा मोजपट्टा मनावर घेऊ नका. तो अमेरिकेतल्या बिलाच्या नियमातून आला आहे. तिथे मेडिकेअरने (सरकारी आरोग्य विम्याने) २०२२ पासून अशा देखरेखीला वेगळे बिलिंग कोड दिले आणि तेव्हा उपकरणाच्या कोडसाठी ३० दिवसांत किमान १६ दिवसांची नोंद मागितली. गुडघा बरा होण्याशी त्या आकड्याचा संबंध नाही. इथल्या रुग्णाला त्यावरून रागावणं तर अन्यायाचं आहे.

---

कोनमापी

तिसऱ्या प्रश्नावर. निरोप थांबतात कारण आपण रोज कोन मागतो. कोन एका दिवसात मोजमापातल्या चुकीच्या ५ अंशांपलीकडे सहसा बदलत नाही, मग पाठवणाऱ्याला तोच आकडा पुन्हा पाठवायचा कंटाळा येतो. कोन आठवड्यातून दोनदाच घ्या, सोमवार आणि गुरुवार, दोन्ही वेळा व्यायाम झाल्यावर. सकाळी उठल्या उठल्या गुडघा आखडलेला असतो, तेव्हा सकाळचा आणि संध्याकाळचा आकडा एकमेकांशी ताडू नका. रोज फक्त तीन गोष्टी : चालताना दुखणं ० ते १०, व्यायामाच्या किती फेऱ्या झाल्या, पोटरी-घोट्याची सूज कालपेक्षा कमी, तेवढीच की जास्त. लिहिता येत नसेल तर आवाजी निरोप चालेल.

आणि आलेला निरोप त्याच दिवशी वाचा. सुनेने किंवा मुलाने आठवडाभर आकडे पाठवले आणि उत्तरादाखल एक शब्द आला नाही तर ते थांबणारच. ‘९२ मिळाले, टाच घसरवण्याच्या १० च्या तीन फेऱ्या चालू ठेवा’ एवढं पुरतं.

---

नडगी_मांडी

हे बसवतो. शेवटचं एक : कोणत्या आकड्याला रुग्णाला बोलावून घ्यायचं, कोणत्याला थेट सर्जनला कळवायचं?

---

वॉकर_ते_काठी

सर्जनशी आधी बोलून मर्यादा लेखी ठरवा, कारण प्रत्येकाचा क्रम थोडा वेगळा असतो. सुरुवातीला धरता येतील अशा : दुसरा आठवडा संपताना ९० च्या जवळपास नसेल, किंवा सलग दोन मोजमापांत १० अंशांनी घट असेल, तर क्लिनिकला बोलवा आणि गोनिओमीटर लावा. सहाव्या आठवड्याला ९० च्या खाली असेल किंवा गुडघा सरळ व्हायला १० अंशांहून जास्त कमी पडत असतील तर त्याच दिवशी सर्जनला फोन. भूल देऊन गुडघा मोकळा करायचा निर्णय शक्यतो पहिल्या १२ आठवड्यांत घेतात, उशीर झाला की चिकटलेले धागे घट्ट होतात. ‘पुढच्या तपासणीला बघू’ म्हणत थांबू नका.

काही गोष्टी ॲपवर येण्याची वाट पाहायच्या नसतात. पोटरी अचानक दुखू-सुजू लागणं, ताप, जखमेतून पाणी किंवा पू : त्याच दिवशी सर्जनकडे. अचानक धाप किंवा छातीत दुखणं : १०८. हे मराठीत मोठ्या अक्षरांत छापून कॉटजवळच्या भिंतीवर लावायला द्या. त्याच कागदावर लिहा की तुमचे निरोप सोमवार ते शनिवार दुपारी १ ते २ मध्ये बघितले जातात. नाहीतर रात्री ११ ला धाप लागलेला रुग्ण व्हॉट्सॲपवर तुमच्या उत्तराची वाट बघत बसेल.

व्हिडिओ मागवत असाल तर संमती सही घेऊन आणि कंबरेखालचाच मागवा. कॅमेरा बाजूने, गुडघ्याच्या उंचीवर, दोन मीटरवर. साडी किंवा लुंगी गुडघ्याच्या वर खोचलेली हवी, नाहीतर व्हिडिओवरून कोन काढणारं ॲप कापडाच्या चुणीला गुडघा समजतं. फाइल क्लिनिकच्या फोनवर राहू द्या, कर्मचाऱ्यांच्या खासगी फोनवर नको.