जीपला जादा मीटर लावले, पण हेडलाइट लावली की टेंपरेचरचा काटा उडी मारतो

पोफळीपार (चिपळूण)

मंडळी, गाडी 1996 ची एमएम 540, प्यूजोचं 2.1 लिटर डिझेल इंजिन. महिन्यातून दोन-तीनदा कुंभार्ली घाट चढून कराडला जाणं होतं. डॅशबोर्डवरचे मूळचे मीटर मूड असेल तर चालतात. डिझेलचा काटा तर पावसाळाभर टाकी फुल्ल दाखवतो, देव त्याचं भलं करो.

गेल्या मे महिन्यात मागे आंब्याच्या चौदा पेट्या टाकून निघालो. पोफळी सोडून तीन-चार वळणं झाली आणि गोडसर वास यायला लागला. टेंपरेचरचा काटा बघितला तर मध्यावर, निवांत. म्हटलं पुढच्या ट्रकचं काहीतरी असेल. आणखी दोन वळणांनी जीप ओढेनाशी झाली. बोनेट उघडलं तर खालचा होज पाइप क्लॅम्पपाशी फाटलेला, कूलंटचा थेंब शिल्लक नाही. इंजिनचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) वाकलं. लेथवर घासणं, गास्केट, मजुरी मिळून साडेएकोणीस हजार. आंबे टेंपोने पुढे गेले ते वेगळे. आणि एवढं होईस्तोवर तो काटा मध्यावरून हलला नव्हता, हे मनातून जात नाही.

म्हणून 52 मिलिमीटरचे तीन मीटर मागवले: टेंपरेचर, ऑइल प्रेशर, व्होल्ट. डॅशखाली पत्र्याची पट्टी वाकवून, होल-सॉने भोकं पाडून घरीच बसवले. टेंपरेचरच्या सेन्सरचे आटे हेडवरच्या जागेला जुळेनात, म्हणून वरचा होज पाइप मधोमध कापून ॲल्युमिनियमचा अडॅप्टर घातला आणि सेन्सर त्यात बसवला. अडॅप्टरची अर्थ (करंट बॅटरीच्या मायनसला परत जायची वाट) म्हणून एक तार रेडिएटरच्या फ्रेमच्या बोल्टखाली दाबली. ऑइलचा सेन्सर, प्रेशर पडलं की लागणाऱ्या लाल दिव्याच्या स्विचच्या जागी. तिन्ही मीटरच्या काळ्या वायरी एकत्र करून डॅशखालच्या एका स्क्रूला.

आता गंमत ऐका. दिवसा कितीही चालवा, काटा 65 च्या वर जात नाही. संध्याकाळी हेडलाइट लावली की तोच काटा 80 वर. हाय बीम दिला की 85. दिवे बंद, काटा खाली. दिव्यांनी इंजिन तापतं असं मी तरी ऐकलेलं नाही. मीटर बदलून आणला, तोही तसाच. दुकानदार म्हणतो सेन्सर खराब.

दुसरं, गरम इंजिनवर आयडलिंगला ऑइल प्रेशर नुसतं 0.8 बार दाखवतं. आधी नुसता दिवा होता तेव्हा सुखाने झोपत होतो.

निळी हॅचबॅक

दादा, एवढी कापाकापी कशाला? ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा) घ्या, स्टिअरिंगखाली लावा, मोबाइलवर टेंपरेचर, व्होल्टेज सगळं दिसतं. माझ्या गाडीत टेंपरेचरचा काटाच नाही, नुसता निळा आणि लाल दिवा. डोंगल लावल्यापासून कळलं की ट्रॅफिकमध्ये 98 पर्यंत जातं आणि पंखा लागला की खाली येतं.

पोफळीपार

96 च्या जीपला ओबीडी म्हणजे बैलाच्या शिंगाला चार्जर. पण 2013 नंतरची गाडी असेल त्यांनी खरंच आधी हेच करावं, एक वायर कापावी लागत नाही.

ऊस आणि डाळिंब (फलटण)

वायरिंगच्या नादाला लागूच नका राव. ट्रॅक्टरचा मेकॅनिकल मीटर बसवा. बारीक तांब्याची नळी, टोकाला तापमान घेणारा धातूचा बल्ब, ना अर्थ ना फ्यूज. बॅटरी काढून ठेवली तरी काटा खरं बोलतो. फक्त ती नळी कापता येत नाही आणि घडी घातली की मीटर मेला. लांबी जास्त झाली तर ताटाएवढं वेटोळं करून बांधा. ऑइलचा मात्र मेकॅनिकल नको. कढत तेलाची नळी पायापाशी येते, एकदा माझ्या पँटीवर उडालंय.

जुना वायरमन (कराड)

दुकानदाराचं ऐकून सेन्सर बदलू नका. मीटर आणि सेन्सर दोन्ही बरे असणार. तुमच्याकडे अर्थचे दोन वेगळे घोळ आहेत आणि ते एकमेकांवर चढलेत.

सेन्सर म्हणजे गरम झाला की रेझिस्टन्स कमी होणारा तुकडा. मीटर तेवढंच मोजतो, तापमान त्याला कळत नाही. होज पाइप रबराचा, त्यामुळे अडॅप्टरला इंजिनची अर्थ मिळत नाही. तुम्ही तार रेडिएटरच्या फ्रेमला दिली, ती रंगावरच दाबली असणार. त्या रंगाचा, गंजाचा रेझिस्टन्स सेन्सरमध्ये मिळवला जातो आणि मीटरला वाटतं इंजिन थंड आहे. म्हणून 65.

आता दिव्यांचं. डॅशखालच्या त्या स्क्रूवर हेडलाइटचीही अर्थ आहे का बघा, जुन्या जीपमध्ये कोणीतरी कधीतरी तसं केलेलं असतंच. दिव्यांचा आठ-दहा अँपिअर करंट त्या गंजक्या स्क्रूतून परत जातो, स्क्रू बॅटरीच्या मायनसपेक्षा वर उचलला जातो आणि मीटरचा पायाच हलतो, त्याला सेन्सरचा रेझिस्टन्स कमी झाल्यासारखा वाटतो. काटा वर. हाय बीमला करंट वाढला, काटा आणखी वर.

खात्री करायची तर मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी टोचणी बॅटरीच्या मायनसवर, लाल टोचणी मीटरच्या अर्थच्या बोल्टवर. इंजिन चालू, दिवे चालू. 0.1 च्या वर आलं तर चोर तिथेच आहे. तसंच अडॅप्टरच्या अंगावर, पण त्या वायरीतला करंट अगदीच थोडा, तिथे हा आकडा फसवतो. तिथे सरळ दुसरी वायर बॅटरीच्या मायनसवरून अडॅप्टरला धरा आणि काटा हलतो का बघा.

0.8 बारला घाबरू नका. गरम इंजिनला हजार आरपीएममागे दहा पीएसआय, म्हणजे 0.7 बार, हा आमचा जुना हिशेब. लाल दिवा साधारण 0.3 ते 0.5 बारला लागतो, म्हणजे तो लागतो तेव्हा बेअरिंगं निम्मी रडून झालेली असतात. तरी दिवा काढलात ते चुकलं. मीटरकडे माणूस सतत बघत नाही, दिवा डोळ्यात शिरतो. टी (तीन तोंडांचा जोड) घालून दोन्ही लावा. पण पितळी टी, त्यावर सेन्सरचा डबा असं सगळं ब्लॉकला लटकवू नका. डिझेलच्या थरथरीने टी मुळातून मोडतो आणि मिनिटाभरात तेल रस्त्यावर. छोटा लवचिक होज काढून टी बॉडीला बांधा. तसं केलं की ऑइलच्या सेन्सरलाही वेगळी अर्थ द्यावी लागेल, विसरू नका. आणि आटे बघून घ्या: 1/8 एनपीटीला (अमेरिकन माप) इंचाला 27 आटे, 1/8 बीएसपीला (ब्रिटिश माप) 28. हाताने दोन फेरे दोन्ही बसतात, मग पाना लावून लोक ब्लॉकचे आटे खातात.

शेवटचं, तुम्हाला आवडणार नाही असं. घाटात तुमचा काटा मध्यावर होता कारण पाणी संपल्यावर सेन्सर कोरडा पडला होता. उकळत्या पाण्यात बोट घाला आणि तेवढ्याच गरम हवेत घाला, फरक कळेल. वरच्या होजमधला नवा सेन्सर तर त्याहून वाईट जागी आहे. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) उघडेपर्यंत त्याला गरम पाणी भेटत नाही आणि पाणी गेलं की सगळ्यात आधी तोच पाइप रिकामा होतो. तुमचा मे महिना जसाच्या तसा पुन्हा होईल, फक्त तीन मीटरच्या उजेडात. हेडच्या बोल्टखाली बसणारा रिंगचा सेन्सर मिळतो, तो धातूचं तापमान घेतो, पाणी असो नसो. त्याला बझर जोडा.

पोफळीपार

काका, शेवटचा परिच्छेद वाचून अर्धा तास नुसता गाडीत बसून होतो.

काल रविवारी सगळं उलगडलं. स्क्रू काढला तर त्याखाली पाच वायरी, त्यातली एक हेडलाइटची. दिवे लावून मोजलं: 0.92 व्होल्ट. हाय बीमवर 1.2. तिन्ही मीटरची अर्थ वेगळी काढून बॅटरीपर्यंत नेली, तोच आकडा 0.02. दिवे लावा, हाय बीम द्या, काटा जागचा हलत नाही. अडॅप्टरची तार ब्लॉकवर, पत्रा घासून चकचकीत करून दिली. काटा 65 वरून उठून 81 वर येऊन बसला.

विश्वास बसेना म्हणून सेन्सर काढून गॅसवर पाण्यात बुडवला, अंगाला बॅटरीच्या मायनसची लांब वायर. चिपळूण समुद्रसपाटीलगत, पाणी शंभरला उकळतं. मीटर 99. पातेलं चहाचं होतं, त्यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.

व्होल्टमीटरने मात्र वेगळीच कुरापत काढली. दिवे लावून आयडलिंगला 12.6. रेस दिली तरी 13.1 च्या वर नाही.

जुना वायरमन (कराड)

13.8 ते 14.4 पाहिजे. आधी अल्टरनेटरचा बेल्ट दाबून बघा, मग त्याची मागची वायर. मीटर खोटं बोलत नाही आता. आणि अँपिअर मीटर लावा असं कोणी सुचवलं तर नको म्हणा, गाडीचा सगळा करंट डॅशखालून फिरवावा लागतो, वायरीच्या टोकाचा एक लग सैल झाला की जाळ.

पोफळीपार

बेल्ट दीड बोट दबत होता. ताणला, 14.1. बोल्टखालचा रिंग सेन्सर मागवलाय. टीचे आटे कोणते ते कळत नाही, इथला लेथवाला म्हणतो "दोन्ही एकच असतात हो".

जुना वायरमन (कराड)

त्याच्याकडून करून घेऊ नका. लाल दिव्याचा जुना स्विच खिशात घालून या, आटे मोजायच्या गेजवर लावून दोन मिनिटांत सांगतो. मेमध्ये येणार असाल तर पेट्या चौदाच्या पंधरा करा.