घरी पडून राहिलात म्हणून सेवा चुकली असं नाही हो

ताई, चर्चची अख्खी टीम मिशनला (सुवार्तेच्या सेवेला) गेली आणि आपण तापात घरी, ग्रुपवर त्यांचे फोटो बघून रडू येतं असं तुम्ही लिहिलंय ना, अगदी कळतं मला. मागे कावीळ झाली तेव्हा मीपण व्हीबीएसच्या (मुलांच्या सुट्टीतल्या बायबल शाळेच्या) ऐन आठवड्यात अंथरुणात होतो, मुलांची गाणी बसवलेली मी आणि घेतली दुसऱ्यानेच (आणि माझ्यापेक्षा बरी घेतली म्हणे, ते जास्त लागलं 😄).

बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातला एपफ्रदीत आठवा, मदत घेऊन प्रेषित पौलाकडे गेला आणि तिथे आजारी पडून मरायला टेकला, पण पौल त्याला बोल लावत नाही, उलट अशांचा मान राखा म्हणतो. आणि कॅथलिक लोकांची फ्रान्समधल्या लिझ्यूची संत तेरेजा, १५ व्या वर्षी मठात गेली, मिशनला कधीच नाही, २४ व्या वर्षी क्षयाने वारली, फक्त प्रार्थना आणि दोन मिशनऱ्यांना पत्रं, तरी १९२७ मध्ये पोपनी तिला मिशन्सची आश्रयदाती (संरक्षक संत) केलं, थेट थोर मिशनरी फ्रान्सिस झेवियरच्या जोडीला!

तेव्हा टीमकडून प्रार्थनेचे विषय मागवून घ्या, जमलं तर एखाद्याला व्हॉइस मेसेज टाका. आणि फोटो दोन दिवस म्यूट करा सरळ. औषधं वेळेवर घेताय ना?