चेक इंजिनचा दिवा नाही, तरी स्मॉग फेल?

फ्रीमाँटकर
गाडी 2010ची कोरोला. शनिवारी स्मॉगला, म्हणजे इथल्या कॅलिफोर्नियातल्या धूर-तपासणीला नेली. दिवा नाही, धूर नाही, ऑइल ताजं. त्या माणसाने डॅशबोर्डखाली वायर खुपसली आणि थोड्या वेळात कागद हातात ठेवला: फेल. म्हणे 'मॉनिटर रेडी नाहीत'. बिघडलंय काय विचारलं, तर "काही नाही, चालवून आणा." रजिस्ट्रेशन महिनाअखेरीस संपतंय. पैसे काढायचा धंदा आहे का हा?

जुनाइंजिन
एवढ्यात बॅटरी बदललीत का?

फ्रीमाँटकर
हो, गुरुवारीच! पण बॅटरीचा धुराशी काय संबंध?

जुनाइंजिन
तिथेच घोळ झाला. बॅटरी काढली की गाडीच्या काँप्युटरची पाटी कोरी होते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, टाकीतली वाफ या सगळ्याची परीक्षा तो चालता चालता स्वतःच घेत असतो, ती पुन्हा पहिल्यापासून. अशा प्रत्येक परीक्षेला 'मॉनिटर' म्हणतात, परीक्षा पूर्ण झाली की तो 'रेडी'. कॅलिफोर्नियात 2000 आणि नंतरच्या पेट्रोल गाड्यांना फक्त वाफेचा, म्हणजे 'इव्हॅप' मॉनिटर अपुरा राहिलेला चालतो. बाकी सगळे पूर्ण हवेत. नियम जाचक वाटतो खरा, पण नाहीतर प्रत्येक जण स्मॉग स्टेशनच्या दारात काँप्युटरमधले बिघाडाचे कोड पुसून आत गेला असता. (मीही गेलो असतो.)

मी असं केलं होतं. टाकी अर्धी ठेवली. रात्रभर गाडी हलवली नाही. रविवारी पहाटे थंड इंजिन चालू करून दोन-तीन मिनिटं जागेवरच ठेवलं. मग 680 हायवेवर सुनोल गावाच्या दिशेने, ताशी 55 मैलांच्या आसपास, पाय एकसारखा. उतरताना ब्रेक न मारता नुसता ॲक्सिलरेटर सोडायचा. मागचे लोक हॉर्न देतात, देऊ देत. गावात सिग्नलला थांबत थांबत शंभर मैल केलेत तरी कन्व्हर्टरचा मॉनिटर तसाच लटकलेला राहू शकतो. वीस-पंचवीस डॉलरचा स्कॅनर घ्या, घरीच दिसेल. मात्र त्यातलं 'क्लिअर' बटण दाबू नका!

पुणेरीपंक्चर
आमच्याकडे पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालतो, नंबरप्लेटचा फोटो काढतो, झालं. काँप्युटरला कोणी विचारत नाही.

जुनाइंजिन
इथे 2000 आणि नंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना 2015पासून नळी नाहीच, फक्त वायर. आणि फ्रीमाँटकर, आधी कधी दिवा लागून कोड पुसला असेल तर 'पर्मनंट कोड'ही बघा. 2019पासून त्यावरही फेल करतात आणि तो स्कॅनरने पुसला जात नाही.

फ्रीमाँटकर
पास! दोन रविवार गेले. पहिल्या रविवारी बायको शेजारी बसून विचारत होती, "आपण जातोय कुठे?" मी म्हटलं, कुठेच नाही. इव्हॅप अजून अपुराच आहे, पण त्या माणसाने त्याकडे बघितलंही नाही.