बीए समाजशास्त्र झालं. एमएला कोल्हापूरला जाऊ का बीएड करू?

कडेगावचा_बंड्या
बीए समाजशास्त्र, ६८ टक्के. आई म्हणते एमए कर. नाना म्हणतात बीएड करून मोकळा हो, समाज काय शिकायचा असतो व्हय, रोज पारावर दिसतोय की! शिवाजी विद्यापीठात एमए करायचं म्हणजे हॉस्टेल, मेस, दोन वर्षं. प्राध्यापकी सोडून या विषयात पोटापाण्याचं काही आहे का? खरं सांगा, धीर देऊ नका.

सीएचबी_वाला (कराड)
खरंच सांगतो. सेट, म्हणजे प्राध्यापकीची राज्याची पात्रता परीक्षा, पास. सातवं वर्ष तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर. जेवढे तास तेवढे पैसे, दिवाळीची सुट्टी न् मे महिना कोरडा. कायम जागेची जाहिरात निघाली की अर्ज, झेरॉक्स, मुलाखत, परत घरी. नुसत्या प्राध्यापकीच्या आशेवर जाऊ नकोस भावा.

विट्याची_थोरली
दादांचं खरं आहे, पण अर्धंच. मी २०१४ ला कोल्हापुरातून एमए केलं, आता एका संस्थेत सर्वेक्षणाचं काम बघते. प्रश्नावली बनवायची, गावात पोरी पाठवायच्या, आलेली माहिती तपासायची, अहवाल लिहायचा.

हे काम मी वर्गात नाही, प्रबंधात शिकले. आमच्या खानापूर तालुक्यातली माणसं गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी आटवायला देशभर पांगलेली. मागं बायका काय करतात, हा विषय घेतला. पहिला प्रश्न होता, 'घरात कर्ता कोण?' चाळीस घरांत चाळीस नवऱ्यांची नावं मिळाली! नवरा कोइमतूरला, वर्षातून एकदा जत्रेला येणार, तरी कर्ता तोच. सरांनी वही परत केली न् म्हणाले, "हे तर तू घरी बसूनही लिहिलं असतंस." मग प्रश्न बदलला. डेअरीचं पुस्तक कुणाच्या नावावर? धारा कोण काढतं? दहा दिवसांचं बिल कोण आणतं? एका काकूंनी पिशवीतून पुस्तक काढलं, नाव नवऱ्याचं, पण आत बिलाच्या चिठ्ठ्यांमागं सगळा हिशोब काकूंच्या अक्षरात. पेंडीचं पोतं, पोराची फी, सोसायटीचा हप्ता. नोकरीच्या मुलाखतीत मला मार्कांचं कुणी विचारलं नाही. ह्या पुस्तकावर मात्र अर्धा तास बोलले.

आता तुझं. एमए करणार असशील तर पहिल्या दिवसापासून एक्सेल न् मोबाइलवर सर्वेक्षण भरायचं ॲप शिक, इंग्रजीत दोन पानं नीट लिहिता आली पाहिजेत. नेट, म्हणजे सेटसारखीच देशपातळीवरची परीक्षा, वर्षातून दोनदा असते, त्यात जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती निघाली तर महिना ३७,००० रुपये, तेवढ्यावर पीएचडी होते. यूपीएससीला समाजशास्त्र वैकल्पिक घेता येतं, ५०० मार्कांचं. पण त्या नादात पाच-पाच वर्षं पुण्यात काढलेली पोरंही बघितलीत. बीएडचं म्हणशील तर अकरावी-बारावीला समाजशास्त्र शिकवायला एमए आणि बीएड दोन्ही लागतं, म्हणजे नानांच्या मार्गानं हाच विषय शिकवायचा तरी एमए लागतंच.

आणि एक, सरकारी दवाखान्यातल्या समाजसेवा अधीक्षकाला एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी मागतात, एमए नाही. माझ्या मैत्रिणीला हे फॉर्म भरताना कळलं. जाहिरात आधी वाच.

सीएचबी_वाला (कराड)
ताई, आमच्याकडं प्रबंध म्हणजे मागच्या वर्षीच्या पोराचा उचलून नाव बदलायचं. तुमचे सर भले.

विट्याची_थोरली
भले कसले, दोनदा रडवलं. बंड्या, प्रवेश घेण्याआधी विभागात जाऊन विचार, प्रबंध कोण बघतं न् गावात पाठवतात का. नाही म्हणाले तर बीएड बरं.

कडेगावचा_बंड्या
ताई, आत्ता आईला विचारलं. डेअरीचं पुस्तक नानांच्या नावावर. म्हटलं दूध कोण घालतं? म्हणाली, "मी. का रं?"

विट्याची_थोरली
बिल कोण आणतं तेही विचार. नाना घरात नसताना.