मुलींना मैदान नको असतं, असं नाही

मुलांकडून परिसराचा नकाशा भरून घ्यायचा म्हटलं, की काहीजण म्हणतात, "नववीच्या मुली मैदानावर येतच नाहीत, त्यांना काय विचारायचं?" ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरातही वयाच्या ९-१० वर्षांनंतर मुली बागांत खूप कमी दिसायच्या. १९९९ मध्ये तिथल्या दोन बागा बदलल्या: मोठी मोकळी जागा लहान भागांत विभागली, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली. जाळीचं कुंपण असलेल्या कोर्टाला एकच अरुंद दार असलं आणि तिथे चार मुलगे टेकून उभे राहिले, की मुलींना आत शिरायचा धीरच होत नाही. दारं रुंद हवीत, दोन तरी हवीत.

मुलांकडून परिसराचा नकाशा भरून घेताना मुलामुलींचे गट वेगळे ठेवा. एकत्र बसवलं की बहुतेकदा मुलगेच बोलतात. नकाशासाठी परिसरात फेरी दुपारी ४ ला आणि संध्याकाळी ७ लाही मारा, रस्त्यावरचा बंद दिवा दिवसा कळत नाही. दिव्याच्या खांबावरचा क्रमांक टिपायला सांगा, तक्रार करताना लागतो.